दादांना आणायला जालन्याला

वडीगोद्रीच्या फाट्यावर सकाळची एसटी पकडली, तेव्हा पिशवीत दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि फ्लेक्स कापायचं कटर होतं. डोक्यात राग होता. लोक देव बघायला, डोंगर बघायला प्रवासाला निघतात. मी भांडायला निघाले होते.

गावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, उद्घाटन, श्रद्धांजली, सगळ्यांचे बॅनर मी ज्या सॉफ्टवेअरवर करते, त्या कंपनीचं दरवर्षी एक मोठं संमेलन भरतं. यंदा ते जालन्यात होतं आणि तिथंच नवं व्हर्जन निघणार होतं.

आता रागाचं कारण सांगते. गेल्या वर्षी माझे वडील, दादा, वारले. त्यांचा घरात एकच फोटो, आधार कार्डावरचा, डोळे अर्धे मिटलेला. मी कॉम्प्युटरवर त्यांचे डोळे उघडले, अंगात धुतलेला सदरा घातला, डोक्याला पटका बांधला. जन्मभर मेंढरांमागं रानोमाळ फिरलेला माणूस त्या फोटोत पहिल्यांदा निवांत बसलेला दिसला. ती फाईल मध्येच उघडेना, म्हणून दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवली. ती दुरुस्त होऊन आली, मी विसरून गेले. आणि परवा दादांना ओळखणाऱ्या अंबडच्या एका दुकानदाराचा फोन आला. त्याच्याकडे नव्या व्हर्जनची चाचणीची प्रत होती. तिच्यात श्रद्धांजलीचा नमुना म्हणून माझे दादा बसले होते. खाली लिहिलेलं, ‘येथे नाव टाका’.

निघताना आई म्हणाली, "भांडू नको कुणाला. पण त्यांना तिथून काढल्याबगर घरी येऊ नको."

या दोन गोष्टी एकत्र कशा जमायच्या, ते तिनं सांगितलं नाही.

एसटीची खिडकी लागत नव्हती. वडीगोद्रीची धूळ घेऊन मी अंबडपर्यंत गेले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कुठं निघालीस, बाई?"

"जालन्याला. कॉम्प्युटरवाल्यांचं संमेलन हाय."

"जेवण हाय का तिथं?"

"असंल."

"मंग बराबर हाय," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

अंबडला गाडी बंद पडली. देवीची टेकडी बघत ताटकळलो, मग मागून आलेल्या गाडीत कोंबले गेलो. जालना जवळ आलं तशा लोखंडाच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या. हॉल बायपासला होता, लग्नाचा. आत एवढा गारठा करून ठेवलेला की मी पदर कानावरून घेतला.

दारापासून मंचापर्यंत त्यांनी नव्या नमुन्यांचा एक लांबलचक फ्लेक्स जमिनीवर अंथरला होता. पाहुण्यांनी त्याच्यावरून चालत यायचं. आधी वाढदिवसाचा केक आला, मग साड्यांचं दुकान, मग दहीहंडी. त्याच्यापुढं दादा होते. गालावर कुणाच्या तरी बुटाचा मातकट ठसा उमटलेला.

मी तिथंच थांबले. सांगते का ते. आमच्याकडे तेरावा झाला की श्रद्धांजलीचा बॅनर घरचे लोक उतरवून नेतात. फ्लेक्स मजबूत असतो, कोणी फेकत नाही. तो गंजीवर (रचलेल्या कडब्यावर) टाकतात, कांद्यावर टाकतात. पण चेहरा नेहमी आतल्या बाजूला, कडब्याकडे. त्याच्यावर ऊन नाही, पाऊस नाही, कोंबडीचा पायसुद्धा नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आणि या शहाण्यांनी तो बुटांखाली अंथरला.

मी दादांच्या शेजारी वाटेतच उकिडवी बसले. मागून येणारे अडले. पुण्याहून आलेले कंपनीचे साहेब धावत आले.

"मॅडम, पुढे बसा ना. वाट अडतेय."

"हा माझा बाप आहे," मी म्हणाले.

त्यांनी खाली बघितलं, मग मोबाइलमध्ये बघितलं. "अच्छा. पण आम्ही बदल केलेत ना. मिशी वेगळी आहे बघा. आता ती कुणी विशिष्ट व्यक्ती राहिलेली नाही."

"मिशी बदलली म्हणून बाप बदलतो का?"

"चहा घेता का?" साहेब म्हणाले. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी कटर काढलं, साहेब दोन पावलं मागं सरले. मी फ्लेक्स कापायला लागले.

माझ्यामागं राजूरचे गजाननभाऊ उभे होते, तेही बॅनरवालेच. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि दुसरं टोक ताणून धरलं. "साहेब, हे जमिनीवर टाकत नसतेत," ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडं लहान लेकरूबी असं करत न्हाई."

कापून होईपर्यंत वाट रिकामी झाली होती. जिल्ह्यातले सगळे दुकानदार भिंतीच्या कडेकडेनं खुर्च्यांकडे जात होते.

गुंडाळी काखेत घेऊन मी साहेबांना गाठलं. "आता सॉफ्टवेअरमधून काढा."

"नक्की काढू. पुढच्या व्हर्जनमध्ये."

"ते कधी?"

"पुढच्या वर्षी. हे तर आज सकाळीच सगळ्यांना गेलंय, मॅडम. पूर्ण राज्यात."

मंचावर कुणीतरी नव्या व्हर्जनचं नाव पुकारलं आणि टाळ्या पडल्या. मी साहेबांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते मान हलवत राहिले, जणू मी छपाईची तक्रार सांगत होते.

आत पनीर होतं, गुलाबजाम होते. मी बाहेर पायरीवर बसून भाकरी खाल्ली. गजाननभाऊंना अर्धी दिली. ते म्हणाले, "ताई, माझ्या दुकानात म्या आत्ता फोन करून दादांचा नमुना काढायला लावला. पण सगळ्या मुलखाला कसं सांगावं?"

परतीच्या गाडीत गुंडाळी मांडीवर घेतली आणि पदराचं टोक ओलं करून तो ठसा पुसला. पुसला गेला, पण राग तसाच राहिला.

घरी आईनं फ्लेक्स उलगडला. निरखून बघत म्हणाली, "ही मिशी कुणाची?"

मी सगळं सांगितलं. आता कुठल्याही गावात, कुणीही वारलं आणि दुकानदाराचा घाईत फोटो बदलायचा राहिला, तर तिथं दादाच लागणार, हेही सांगितलं. आई फ्लेक्सची घडी घालत म्हणाली, "जाऊ दे. तसंबी कुणाची माती (अंत्यविधी) त्यांनी कधी चुकवली न्हाई. रानातून मेंढरं टाकून जायचे."

तिचं समाधान झालं. माझं झालं नाही, अजूनही नाही. दादा मातीला जायचे ते मेलेल्याला खांदा द्यायला. त्याच्या जागेवर निजायला नाही.