तोडायला येणारा माणूस

दिल्लीतल्या द्वारकेची मेट्रो तेव्हा नवीन होती. सकाळी माझ्या शेजारी चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस तळहाताएवढा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसायचा. सगळी वाट नुसता बसलेला. कॅनॉट प्लेसच्या अलीकडे गाडी बोगद्यात शिरायला आली, की मात्र प्लास्टिकची काडी पडद्यावर टेकवायचा आणि श्वास रोखून बघत राहायचा. बोगद्यात सिग्नल जायचा, पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्यात अडकायची. आणि हा खूश!

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "भाईसाहब, थोड़ा पहले भेजते तो चला जाता."

"तोड़ने ही तो आता हूँ जी. ऑफिस में टूटता ही नहीं."

कुरिअरवाल्यांच्या हातातल्या यंत्रांसाठी तो प्रोग्राम लिहायचा. त्यातला फाइल पाठवणारा जुना तुकडा, त्याच्या भाषेत 'कंट्रोल', लाइन मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. "नया वाला कहता है, जहाँ छूटा वहीं से उठाऊँगा. देख रहा हूँ, सच बोलता है क्या."

थोड्या वेळाने सिग्नल परतला. पट्टी अर्ध्यातूनच पुढे सरकली. त्याने काडी खिशात ठेवली.

पुण्याहून येणारा आईचा फोनही रोज त्याच बोगद्यात तुटायचा. संध्याकाळी आम्ही "जेवलीस का"पासून नव्याने सुरुवात करायचो. त्या संध्याकाळी मी फोन लावला आणि विचारलं, "आई, सकाळी तू म्हणत होतीस, हल्ली एकटीला... एकटीला काय गं?"

पलीकडे टीव्ही बंद झाला, मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. लाइन तुटलेली नव्हती.