दिवसातून दोनदा वाघ

मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या गावात दिवसातून दोनदा वाघ सोडत होतो. त्यासाठी मला अंथरुणातून उठावंही लागत नव्हतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जंगलगावात मी घरजावई आहे. बसथांब्यावर माझं रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे मोबाइलमधलं सगळं मलाच कळतं असा गावाचा समज. (तो मीच पसरवला होता.) मोहफुलाच्या दिवसांत सारं गाव पहाटे जंगलात जातं. झाडाखाली बसून फुलं वेचायची, आणि बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो म्हणतात. शेजारच्या गावातली एक बाई अशीच गेली होती. म्हणून ग्रामसभेनं माझ्यावर जबाबदारी टाकली: वनरक्षकाचा मेसेज आला, की तो लगेच सगळ्यांना पाठवायचा.

वनरक्षकाचे मेसेज पहाटे यायचे, आणि पहाटेशी माझी फारशी ओळख नव्हती! मग मी मोबाइलमध्ये एक सोय केली. ‘सावधान! परिसरात वाघ आहे. जंगलात जाऊ नये.’ पहाटे एकदा, ऊन वर आल्यावर एकदा. आपोआप! जंगल वाघाचं, तेव्हा तो कुठेतरी असणारच, हा माझा हिशोब. दुकानात कधीकाळी रिचार्ज केलेले सगळे नंबर मी त्यात घातले. कोणाला विचारलं नाही. चांगल्या कामाला काय विचारायचं?

पहिले काही दिवस गाव घरी बसलं आणि मोहफुलं हरणांनी खाल्ली. मग आमच्या सासूबाईंनी, बिरजाबाईंनी, चुलीपुढे बसून माझी उलटतपासणी घेतली.

"जवाईबापू, आजचा वाघ कुठी हाये?"

"परिसरात."

"पाह्यला कोनं?"

"तसं नाही आई, ते मशीन पाठवते."

"मंग मशीननं पाह्यला का?"

मी चहा पिऊ लागलो. त्यांनी टोपली उचलली आणि त्या जंगलात गेल्या. दुपारपर्यंत माझ्या मशीनची गोष्ट गावभर झाली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून मेसेज कोणी उघडूनही बघेना.

उघडून बघणारा एकच माणूस उरला होता, तो ब्रह्मपुरीचा वकील. एकदा गाडी पंक्चर झाली म्हणून तो आमच्या थांब्यावर अडकला होता, तेव्हा त्यानं रिचार्ज केलं होतं. एवढ्या पुण्याईवर त्याला रोज पहाटे वाघ मिळत होता! त्याच्या तक्रारीवरून एके दिवशी सकाळीच ग्रामसभा बसली, आणि तो स्वतः येऊन उभा राहिला.

"मी तिसऱ्या माळ्यावर राहतो," तो सभेला म्हणाला. "माझ्या परिसरात वाघ कसा येईल? बरं, न विचारता माणसाला असे मेसेज पाठवत राहणं हा गुन्हा आहे. याची कायदेशीर जबाबदारी कोणाची?"

"मी पाठवतच नाही," मी म्हणालो. "मशीन आपोआप पाठवते."

ग्रामसभेचे अध्यक्ष सोमाजीभाऊ गंभीर माणूस. त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही. ते म्हणाले, "मंग मशीनले उभी करा."

एक खुर्ची आणली. तिच्यावर माझा मोबाइल ठेवला. सोमाजीभाऊंनी त्याला रीतसर विचारलं, "काऊन रे, खोटं बोलून राह्यला?" आणि तेवढ्यात ऊन वर आलं, दुसऱ्या वाघाची वेळ झाली. साऱ्या सभेचे मोबाइल एकदम वाजले! आरोपीनं भर न्यायालयात पुन्हा गुन्हा केला. बायाबापड्या पोट धरून हसल्या. माझी बायको तेवढी हसत नव्हती, ती जमिनीकडे बघत होती.

सासूबाई सभेला आल्याच नव्हत्या. "जवायाचा असा पंचनामा मी नाई पाहू शकत," असं म्हणून त्या तळ्यापलीकडच्या आपल्या मोहाखाली गेल्या होत्या.

हसणं चालू असतानाच आरोपी पुन्हा वाजला. या वेळी एकटाच. मी वाकून पाहिलं. वनरक्षकाचा मेसेज होता: तळ्यापलीकडे वाघीण, सोबत पिल्लं, माणसं असतील तर लगेच परत बोलवा.

"वाघीण आली!" मी ओरडलो.

सभा आणखी हसली.

"खरी आहे! तळ्यापलीकडे!" मी मोबाइलकडे हात नेला.

"आरोपीले हात लावायचा नाई," सोमाजीभाऊंनी बजावलं. वकिलानंही मान डोलावली.

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं सांगत होतो आणि ते सांगायला माझ्याजवळ तोंड उरलं नव्हतं. शाळेच्या ओट्यावर तेलाचा रिकामा डबा पडला होता. तो उचलला, एक काठी घेतली आणि बडवत पळत सुटलो. मागून कोणीतरी म्हणालं, "आता हातानं चालू झाला."

सासूबाई मोहाखाली उकिडव्या बसून वेचत होत्या. मी धापा टाकत ओरडलो, "आई, वाघीण!"

"हो, जवाईबापू. आताच मोबाइलवर येऊन गेली," त्या मान वर न करता म्हणाल्या. पण जावई दारात आला काय आणि रानात आला काय, आमच्या सासूबाई त्याच्यासमोर बसून राहत नाहीत. त्या उठल्या, सरळ उभ्या राहिल्या आणि डोक्यावर पदर घेतला.

त्याच वेळी पलीकडची झुडपं हलली. वाघीण बाहेर आली आणि थांबली. तिनं आमच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. एरवी जावयाला त्या हात लावत नाहीत. डबा माझ्या हातात होता, पण वाजवायचं भानच राहिलं नाही. खूप वेळानं वाघीण वळली आणि झुडपांत गेली. मी तिथंच रडलो. त्या बसलेल्याच राहिल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोसत नाही.

एव्हाना कोणीतरी खुर्चीवरच्या मोबाइलमधला मेसेज वाचला होता. आम्हाला वाटेतच काठ्या घेतलेलं सारं गाव भेटलं, वकिलासकट. सोमाजीभाऊंनी निकाल तिथंच, पाऊलवाटेवर दिला.

"मशीन सुटली. तिले अक्कल नाई, तं गुन्हा कायचा? ज्यानं लावून देल्ली आन् झोपला, तो जबाबदार."

शिक्षा अशी: वकिलाची माफी मागायची, न विचारता घातलेले नंबर काढायचे, आणि मोहफुलं सरेपर्यंत रोज पहाटे वनरक्षकाला फोन करून जी खबर असेल ती डबा वाजवत दारोदार स्वतः सांगायची. वकील म्हणाला, असा न्याय त्यानं कोर्टातही पाहिला नाही. त्यात कौतुक किती होतं ते मी विचारलं नाही.

यंदाही मोह फुलला आणि मी अंधारात उठलो. पहिलं दार घरातलंच. मी डबा वाजवला आणि ओरडलो, "आज तळ्याकडे जाऊ नका!" सासूबाई उठल्या, पदर घेतला, अदबीनं उभ्या राहिल्या.

"आयकू आलं, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "आता बंद कुठून कराचं तुमाले?"