चौथ्या वाटीतलं ग्रीस

मेस्त्रींच्या कानाबद्दल लोक वाट्टेल ते सांगत. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की आत गॅरेजात, गाडीखालच्या खड्ड्यात उभे असलेले मेस्त्री तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात, असं समोरचा टायरवाला छातीठोकपणे सांगायचा. त्यातलं निम्मं थापा म्हणून सोडलं, तरी उरलेलं निम्मंही दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. गॅरेज चालायचं ते या कानाच्या जिवावर.

आणि तोच कान वर्षभरापासून दगा देत होता. जाडे आवाज यायचे, बारीक येईनासे झाले होते. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, कारण दारावरची बेल वाजवून वाजवून माणूस परत गेला तरी हे पेपरातून मान वर काढत नसत. ती म्हणायची, डॉक्टरकडे चला. मेस्त्री म्हणायचे, "मेस्त्रीला ऐकू येत नाही हे कळलं तर उद्या गाडी कोण देईल मला?" तिथे विषय मिटायचा.

अशात वकीलबाई आल्या. त्यांची जुनी लाल स्पोर्ट्स कार दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जवळजवळ आडवंच व्हायचं. पण बाईंचा तिच्यावर भारी जीव.

"मेस्त्री, मागून चिर्रचिर्र येतं," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी तुम्ही सर्व्हिस केलीत तेव्हापासून. तेव्हाच विचारलं होतं. तुम्ही चक्कर मारून आलात आणि म्हणालात, काही नाही. मला वाटलं, माझेच कान वाजतायत. घरचेही म्हणाले, मेस्त्रींना नाही ऐकू आला म्हणजे आवाज नाहीच. शेवटी दुसरीकडे मागच्या चाकांची बेअरिंगं बदलली. आवाज आहे तसाच."

त्या गेल्यावर मेस्त्री चक्कर मारून आले. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. अशा वेळी अंदाजाने मागच्या चाकांमधला अख्खा गिअरचा डबा, डिफरन्शियल, बदलून मोकळे होणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची गॅरेजं झकास चालतात, हा जगाचा न्याय आहे. मेस्त्री मात्र मागच्या दाराने घरात गेले आणि बायकोला म्हणाले, "अगं, जरा गाडीत बस."

"एवढ्याशा गाडीत? बाहेर काढायला क्रेन आणणार का?" असं म्हणत ती बसली. गल्ली संपायच्या आत म्हणाली, "चिमणी ओरडतेय की मागे. तुम्हाला खरंच..." आणि पुढचं तिने गिळलं.

परत आल्यावर मेस्त्रींनी इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि मागच्या टायरवर खडूची रेघ ओढली. "मी ढकलतो. चिमणी ओरडली की टाळी वाजव. चुकवू नकोस." टाळी त्यांना ऐकू यायची. ते दाराशी खांदा लावून गाडी रेटत होते, नजर खडूवर, आणि बायको शेजारून टाळ्या वाजवत चाललेली. टायरवाला दुकान सोडून बघायला आला. रेघ एकदा फिरून खाली येईपर्यंत टाळ्या तीन-चार पडत होत्या. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच. चाकाचा आवाज असता तर चाकाबरोबर एकदाच आला असता. इंजिन तर बंदच. मग चाकापेक्षा भराभर फिरणारं मागे राहतं काय? इंजिनची ताकद मागे नेणारा लांब शाफ्ट.

मेस्त्रींनी तो खाली उतरवला. त्याच्या सांध्यात अधिकच्या खुणेसारखा एक क्रॉस असतो, आणि त्याच्या चारही टोकांवर ग्रीस भरलेल्या छोट्या वाट्या. तीन वाट्या ओल्या होत्या. चौथीत नुसती गंजाची लाल पूड.

हे ग्रीस गेल्या वर्षी त्यांनीच भरलं होतं. ग्रीसचा पंप मारला की तीन वाट्यांतून ग्रीस बाहेर आलेलं खालून दिसतं. चौथी वरच्या अंगाला असते, ती शाफ्ट फिरवून बघायची असते. मेस्त्रींनी ती जन्मात कधी बघितली नव्हती. सुकी राहिलीच तर चक्कर मारताना कान सांगायचा. गेल्या वर्षी कान काही बोलला नाही.

नवा क्रॉस बसवून त्यांनी या वेळी चारही वाट्या डोळ्यांनी बघितल्या. बायको पुन्हा गाडीत बसली, आणि चिमणी उडाली होती.

"क्रॉस गेला होता, एवढंच सांगा बाईंना," ती म्हणाली. "त्यात खोटं काहीच नाही."

खरंच नव्हतं. तेवढ्यावर कुणीही सुटलं असतं.

संध्याकाळी वकीलबाई आल्या तेव्हा मेस्त्रींनी हात पुसले. "आवाज माझ्यामुळे होता. ग्रीस मी नीट भरलं नव्हतं, आणि चक्कर मारली तेव्हा मला ऐकूच आलं नाही. तुमचे कान ठीक आहेत. माझे गेलेत. आज हिने ऐकलं म्हणून सापडलं." कमी ऐकणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो, त्यामुळे हे टायरवाल्यानेही ऐकलं आणि गल्लीनेही.

"वर्षभर वाटत होतं, माझंच डोकं फिरलंय," एवढंच बोलून वकीलबाई गाडीत बसल्या. मेस्त्रींना वाटलं, संपलं. गाडी फाटकापाशी थांबली. बाईंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात ब्रेक बघायचेत. वहिनी असतील ना?"

इंजिनच्या घरघरीत मेस्त्रींना ते कळलं नाही. वर्षभर अशा वेळी ते नुसती मान डोलवायचे. आज त्यांनी कानामागे हात धरला, दोन पावलं पुढे गेले आणि म्हणाले, "ऐकू नाही आलं, बाई. परत सांगा."