सतरंजीचे चार कोपरे

आमची सतरंजी झटकली की धुळीपेक्षा किस्सेच जास्त पडतात. दोघं दोन टोकं धरतात, एक झटका देतात आणि कुणीतरी म्हणतंच, "तुले आठवते का रे..." मग सतरंजी तशीच हातात राहते आणि चहा पुन्हा टाकावा लागतो. आम्ही सगळे साठी ओलांडलेले. झटकणारे हात कमी व्हायला लागलेत, म्हणून म्हटलं, थोडे किस्से लिहून टाकावेत.

आम्ही म्हणजे मी, बँकेतून रिटायर झालेली. वानखडे वकील. मंडप-डेकोरेशनवाले रफीकभाई. आणि अकोल्याची कुसुम. कुसुम गेल्या वर्षी वारली, पण तिला वगळून यातलं काहीच सांगता येत नाही.

*

अमरावतीत आम्ही कॉलेजात होतो तेव्हा मुलींना लायब्ररीतून पाचला बाहेर काढायचे. मुलं आठपर्यंत बसायची. कारण विचारलं की "तुमच्याच काळजीपोटी" असं उत्तर मिळायचं! कुसुमनं विनंत्या करून पाहिल्या. मग एक दिवस पाच वाजता ती बाहेर आली आणि लायब्ररीच्या दारातच बसली. तिच्यामागे आम्ही बसलो.

बसायला सतरंजी वानखड्यानं आणली होती. रफीकच्या वडिलांच्या दुकानातून, घरी बारसं आहे असं सांगून. संध्याकाळी विशीतला रफीक ती परत न्यायला आला. पाहतो तर बाळ नाही, पाळणा नाही, नुसत्या घोषणा. सतरंजीवर सगळ्या मुली बसलेल्या, खालून ओढणार कशी? बिचारा एका कोपऱ्यावर बसून वाट पाहायला लागला. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि आमच्याबरोबर त्यालाही घेऊन गेली.

ठाण्यात साहेबांनी विचारलं, कोणत्या वर्गात आहेस?

"मी आंदोलनात नाही साहेब. मी सतरंजीची वाट पाहून राहिलो."

साहेबांनी त्याला विद्यार्थी ठरवून टाकलं. तेव्हापासून गावात कुठेही धरणं असो, रफीकभाई सगळ्यांत आधी हजर. कुणी विचारलंच तर गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "मी सतरंजी न्याले आलो."

*

त्याच दिवशी आमच्या वर्गातला मोहोड सायकल हातात धरून बाजूला उभा होता. मुलगा हुशार, मनानं आमच्याच बाजूचा. कुसुमनं त्याला हाक मारली, कोपऱ्यावर सरकून जागाही करून दिली.

मोहोड म्हणाला, "सायकल लावून आलोच."

तो गेला. आम्हाला गाडीत घालून नेलं, उशिरा सोडलं. पुढे परीक्षा झाल्या, नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, नातवंडं झाली. मोहोड अजून यायचाच होता.

*

पोलिसांनी उठा म्हटल्यावर कुसुम मुकाट्यानं उठली, पण गाडीत चढेना. सतरंजी उसनी आहे, घडी घातल्याशिवाय येणार नाही म्हणाली. आम्हाला तोवर गाडीत कोंबलेलं. एवढ्या लांबरुंद सतरंजीची घडी एकटीच्यानं कशी व्हायची? शेवटी एका शिपायानं काठी काखेत मारली आणि दुसरं टोक धरलं. आम्ही गाडीच्या जाळीतून पाहत होतो. कुसुम त्याला सांगत होती, "काठ जुळवा दादा. असं वाकडं नका धरू."

त्या घडीवर आम्ही अजून हसतो. पण पुढचं हसण्यासारखं नाही. महिन्याभरात लायब्ररी मुलींनाही आठपर्यंत खुली झाली आणि ज्या मुलीनं ती उघडली, ती तिथं एक संध्याकाळही बसू शकली नाही. पोलिसांच्या गाडीत बसली म्हणून वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं आणि अकोल्याला लग्न लावून दिलं. वर्गातले आम्ही बाकी सगळे पदवीधर झालो. याचा संताप मला आजही येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

*

रिटायर झाल्यावर आम्ही वलगाव रस्त्याकडच्या एका संस्थेच्या हॉलमध्ये अभ्यासिका काढली. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं-पोरी येतात. कुसुमनं एकच अट घातली होती. मुलींनी उठायची वेळ आपण ठरवायची नाही, मुली स्वतः ठरवतील. ती अकोल्याहून एसटीनं यायची आणि दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसायची.

एका मुलीचे वडील रोज दिवेलागणीला स्कूटर घेऊन यायचे आणि बाहेरून हॉर्न वाजवत सुटायचे. एक दिवस कुसुम बाहेर गेली.

"आत या ना. एक खुर्ची रिकामी हाये. हॉर्न वाजवू वाजवू बॅटरी उतरन तुमची."

बिचारे आत येऊन पेपर वाचत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. आता मुलगी नोकरीला लागून पुण्याला गेली, तरी वडील येतात. कुणी जरा मोठ्यानं बोललं तर तेच दटावतात!

*

कुसुम गेल्यावर आम्ही तिच्या आठवणीसाठी पोरांना एकत्र बसवलं. मी बोलले, वानखडे वकील तर फारच बोलले. लायब्ररी, घोषणा, पोलिसांची गाडी, सगळं रंगवून सांगितलं. शेवटी काही शंका आहेत का म्हणून विचारलं.

भातकुलीची पायल उभी राहिली. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. घर गिरणीला चिकटून, त्यामुळे दिवसभर भिंतीसुद्धा थरथरतात. यंदा निवड झाली नाही तर पुढच्या वर्षीपासून गिरणीवर बसायचं, असं घरच्यांशी ठरवून ती अभ्यासिकेत येत होती.

"मावशी, हे कोणत्या पेपरले येते?"

वकील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मी मात्र घरी येऊन खूप हसले.

*

मग यंदा, पायलची परीक्षा तोंडावर आलेली असताना, हॉलला कुलूप लागलं. कपड्यांचा सेल लावायला हॉल भाड्यानं द्यायचा होता. संस्थेचे नवे सचिव कोण, तर मोहोड! मी फोन केला. बघतो म्हणाला. पुन्हा केला. मीटिंगमध्ये होता.

वानखडे वकिलांना चेव आला. नोटीस देतो, कोर्टात खेचतो, तारीख घेतो म्हणाले. पायलनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, माझ्या परीक्षेची तारीख त्याच्याआधी हाये."

मग ती रफीकभाईंकडे वळली आणि तिनं सतरंजी मागितली. रफीकभाईंनी विचारलंसुद्धा नाही कशाला. दुकानात नव्या कोऱ्या कितीतरी पडल्यात, पण त्यांनी माळ्यावरून तीच काढली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जय्यत तयारीनं हॉलसमोर गेलो. माझा घसा गरम पाण्यानं शेकलेला. वकिलांच्या जुन्या घोषणा तोंडपाठ. पाहतो तर कुलूपबंद दारासमोर सतरंजी अंथरलेली आणि पोरं-पोरी माना खाली घालून लिहिताहेत. पायल पुढे घड्याळ ठेवून बसलेली. वकिलांनी मूठ वर केली, तोंड उघडलं, तोच पायलनं ओठांवर बोट ठेवलं.

"घोषणा नको काका. सराव पेपर सुरू हाये."

आयुष्यात पहिल्यांदाच आम्हाला आंदोलनात गप्प बसवलं होतं, तेही आमच्याच बाजूनं! मग आम्ही काय करायचं? तिनं हातानं दाखवलं. वारा सुटला होता, सतरंजीचे कोपरे उलटून पोरांच्या कागदांवर येत होते. एका कोपऱ्यावर मी बसले, एकावर वकील, एकावर रफीकभाई. चौथ्याकडे आम्ही तिघांनीही पाहिलं आणि नजर फिरवली. तिथं पायलनं वीट ठेवली.

असं रोज चाललं. येणारे-जाणारे थांबायचे, पोरांना पाहून आवाज खाली करायचे. दह्यातले गिलावडे विकणारा त्याची हातगाडी जरा लांब उभी करायचा. सेलवाला टेम्पो भरून आला, पोरं ओलांडून माल न्यायला त्याचा जीव धजेना, तसाच परत गेला. एक दिवस पायलचे वडील गिरणी बंद ठेवून आले, अंगावर पीठ तसंच. दूर उभे राहून लेकीला लिहिताना पाहत राहिले आणि गिरणीकडे परतले.

*

आणि एका सकाळी मोहोड आला. गाडीतून उतरला, किल्ली काढली, पोरांच्या कडेकडेनं दारापर्यंत गेला आणि स्वतःच्या हातानं कुलूप उघडलं. दार सताड उघडून आमच्याकडे वळला. सेल रद्द केला, म्हणाला. चला, आत बसा.

कुणी उठलं नाही. कुणी मानसुद्धा वर केली नाही. दोन-चार टाळ्या तरी पडतील असं त्याला वाटलं असावं. पायलनं घड्याळाकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाली, "पेपर संपला की येतो सर. अजून वेळ हाये. थांबा थोडं."

मोहोड किल्ली हातात घेऊन उभा राहिला. खुर्ची नव्हती. ऊन चढत होतं. तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की विटेसकट चौथा कोपरा उलटला आणि एका पोरीचा कागद उडाला. मोहोडनं धावत जाऊन कागद पकडला, पोरीला दिला, कोपरा सरळ केला आणि तो हातानं दाबून तसाच वाकून राहिला.

समोरच्या कोपऱ्यावरून रफीकभाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पोरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"काहून रे मोहोड, लावून झाली का सायकल?"

मोहोडनं बूट काढले.