ओट्यावरची समिती

पोलिसांना काय शिकवायचं आणि ते कोणी ठरवायचं, असा प्रश्न सरकारला एकदा पडला होता. पडला हे चांगलंच झालं. पण उत्तर शोधायला सरकार कुठं जाऊन बसलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि इतकी वर्षं झाली तरी आठवलं की माझं डोकं फिरतं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. त्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं घरही गेलं. राणीसावरगावकडचं आडवळणाचं गाव ते. मी तेव्हा झरीला मास्तर होतो. मी पोचलो तोवर नुसत्या भिंती उरल्या होत्या. आक्का विधवा, एकटी राहायची. आग लावणाऱ्यांतले दोघे तिनं चांगले ओळखले होते. त्यातला एक पाटलाचा पुतण्या.

चौकशीला जमादार आले. आमच्याकडची रीत अशी, की पोलीस गावात आले की पाटलाच्या ओट्यावर बसायचे. तिथंच पाणी, तिथंच जेवण, तिथंच जबाब. निजामाच्या काळापासून चालत आलेलं, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं खाली अंगणात उभं राहायचं. आक्काला बोलावणं आलं. ती अंगणात उभी राहिली. वर जमादार, त्यांच्या शेजारी पाटील, आणि जमादारांना पाणी द्यायला बाहेर आला तो नेमका पुतण्या. कुणाला ओळखलंस का, असं जमादारांनी विचारलं. आक्का म्हणाली, अंधार होता. प्रकरण मिटलं.

बाई घाबरली, असं लोक म्हणाले. या बोलण्याचा मला अजून संताप येतो. ज्याच्या घरच्या पोरानं आग लावली त्याच्याच दारात तिला उभं करता, त्याच्यादेखत नाव विचारता, आणि वर भित्री तीच? त्या जमादारांना कायदा शिकवला असेल, कवायत शिकवली असेल, सलाम ठोकायला तर नक्कीच शिकवलं असेल. जबाब कुठं बसून घ्यावा, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं काही वर्षांनी हेच शिकवायची टूम निघाली. नव्या भरतीच्या पोलिसांनी गावात कसं वागावं, त्यांच्या प्रशिक्षणात काय असावं, हे सुचवायला जिल्ह्यात एक समिती नेमायचं ठरलं. तीत एक वकील, एक निवृत्त हेडमास्तर, एक अडत व्यापारी आणि गावाची नाडी जाणणारे म्हणून आक्काच्या गावचे तेच पाटील. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. शिवाय ‘तुमच्यापैकी एक’ म्हणून मी.

मी प्रशिक्षणाच्या साहेबांना भेटून सांगितलं, माझ्या जागी माझ्या बहिणीला घ्या. त्यांनी विचारलं, सही करता येते का त्यांना? येत नाही म्हटल्यावर ते हसले. जणू पोलीस फक्त सही करणाऱ्यांच्याच दारात जातात! तरी माणूस वाईट नव्हता. पहिली बैठक तुमच्या बहिणीच्या गावातच घेऊ, त्यांचंही ऐकू, असं म्हणाले, म्हणून मी समितीत राहिलो.

आक्काला हे सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “माझ्या घरी यील का त्यो सायब? माझ्या दारात बसून इचारलं तर मी दोघांची बी नावं सांगते.”

मी तिचा निरोप साहेबांच्या कानावर घातला. जरूर येऊ, म्हणाले.

बैठकीच्या दिवशी जीप गावात शिरली आणि सरळ पाटलाच्या ओट्याला लागली. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ड्रायव्हरनं वाट विचारली आणि लोकांनी बोट दाखवलं, एवढंच. ओट्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या, लोड ठेवले होते. माझ्यासाठी खाली अंगणात खुर्ची. पाटलांनी ती स्वतःच्या उपरण्यानं पुसली आणि मनापासून म्हणाले, “मास्तर, तुमाला खुर्ची ठिवलीय. आमी आपले खालीच बसलोय, सतरंजीवर.”

त्यांचं ते ‘खालीच’ माझ्या डोक्याच्या वर होतं. कुणी हसलंसुद्धा नाही, कारण कुणाला काही दिसलंच नाही. गावात कसं वागावं हे पोलिसांना शिकवणारी समिती त्याच ओट्यावर चढून बसली होती!

मी खुर्चीत बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, पहिला धडा इथंच आहे. तक्रार करणाऱ्याच्या घरी जा, त्याच्या घरचं पाणी प्या, मग विचारा. वकील म्हणाले, मुद्दा नोंदवून घेऊ. हेडमास्तरांनी पोलिसांना सुभाषितं पाठ करायला लावावीत अशी सूचना केली. व्यापाऱ्यांनी मान हलवली. मी साहेबांना म्हटलं, चला, वस्ती काही लांब नाही, ती वाट बघतेय.

साहेब अर्धे उठलेही. तेवढ्यात पाटील म्हणाले, “सायब, जेवण तयार हाय. त्या बाईला हितंच बोलावू की.”

साहेब क्षणभर घुटमळले. मग, तेच सोयीचं पडेल, असं म्हणत पुन्हा लोडाला टेकले. कोतवालाला आक्काकडं पिटाळलं. मी त्याच्या पुढं धावलो.

आक्कानं घर सारवलं होतं. दारात बाज टाकून तिच्यावर धुतलेली चादर अंथरली होती. शेजारी घासलेल्या तांब्यात पाणी. माझ्यामागं साहेबाऐवजी कोतवाल बघून तिला सगळं समजलं. मी म्हणालो, आक्का, मला सांग, मी समितीत आहे, मी वर पोचवतो.

“तुला काय सांगू? तुला ठावंच हाय,” ती म्हणाली. “ज्याला ठावं न्हाई त्यानं यायला पायजे.”

मग तिनं कोतवालाकडं बघितलं. “सायबाला सांग जा, बाई घरीच हाय.”

कोतवाल गेला. ओट्यावर जेवणं झाली आणि समितीची जीप गंगाखेडच्या रस्त्याला लागली. दिवस मावळेपर्यंत आक्कानं ती बाज दारातून हलवू दिली नाही.