गाऱ्हाण्यातून गाळलेलं नाव

उत्तरेकडच्या एका बर्फातल्या पोस्टवर आम्ही नऊ जण होतो. पोस्ट कमांडर सुभेदार साहेब. त्यांच्या खालोखाल मी, हवालदार. सहा जवान सातारा-कोल्हापूरकडचे. नववा नाईक जनार्दन घरत. मी म्हसळा तालुक्यातला, भातशेती करणाऱ्या घरातला. जनू उरणकडचा, मिठागरावर वाढलेला. म्हणजे पोस्टवर रायगडचे आम्ही दोघेच. तो मला दादा म्हणायचा आणि डोक्यावर मिरे वाटायचा.

दिवस ०४४५ ला सुरू व्हायचा. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे उजाडताना सगळे हत्यारांसह आपापल्या जागी. त्या मधल्या वेळात माझं एका मिनिटाचं काम असायचं.

मी काही देवभोळा माणूस नाही. उपास झेपत नाहीत आणि पोथी हातात धरली की झोप येते. पण तोंड धुतलं की पूर्वेकडे बघून उभं राहायचं आणि गावदेवीला गाऱ्हाणं घालायचं, ही सवय वडिलांकडून आली. ते अंगणात उभं राहून घरातल्या एकेकाचं नाव घेत आणि राखण मागत. बैलांचीही नावं घेत. काकांशी त्यांचं बांधावरून पाच वर्षं बोलणं बंद होतं, तरी काकांचं नाव रोज यायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भांडान माजा हाय, देवीचा न्हाय."

पोस्टवर मी आठ नावं घ्यायचो. नववं माझं, ते शेवटी. पहिल्या आठवड्यात जनूने भरपूर टिंगल केली. "दादा, तुझे देवीला आपला लोकेशन कल्ला का? येल का ती बर्फान?" मी म्हटलं, "गप ऱ्हा." मग एके सकाळी माझं बोलणं संपताच स्लीपिंग बॅगेतून त्याचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला गावकरी असाच होकार देतात. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तिघे म्हणाले. महिन्याभरात आठही जण म्हणू लागले, सुभेदार साहेबसुद्धा. कुणी हसेनासं झालं.

फेब्रुवारीत खाली जायला एकच सुट्टी आली. माझे वडील अंथरुणाला खिळले होते आणि नंबर माझा होता. जनूला मुलगी झाली होती, ती तीन महिन्यांची झाली तरी त्याने पाहिली नव्हती. तो मला काही न बोलता थेट सुभेदार साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याचं नाव पाठवलं.

त्याने मला आधी विचारलं असतं तर मी दिली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्याने विचारलं नाही, याचा राग डोक्यात गेला. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोललो. तो मात्र माझ्या मगमध्ये चहा ओतून ठेवायचा.

निघायच्या दिवशी ०५१० ला मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो. सात नावं घेतली. जनूचं आलं तिथे थांबलो आणि ठरवून पुढे गेलो. विसरलो नाही. ठरवून गाळलं.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. जनूचा आवाज नेहमीसारखाच सगळ्यांत मोठा होता.

नंतर तो बुटाची लेस बांधत हळूच म्हणाला, "दादा, आज माझा नाव ऱ्हायला."

मी म्हणालो, "तू घरी चाललास. तुला कशाला राखण?"

त्याने वर पाहिलं. "व्हय, तो पन हाय," म्हणाला आणि दुसऱ्या बुटाला लागला.

०६४० ला जनूसह चौघांची लिंक पेट्रोल, म्हणजे खालच्या पोस्टपर्यंत जाणारी तुकडी, निघाली. दोन दिवस बर्फ पडून थांबला होता. ऊन चढून बर्फ घसरायच्या आत उतार पार करायचा होता. जाताना त्याने सगळ्यांना हात मिळवला. माझाही घेतला. मी हात दिला, तोंड उघडलं नाही.

०७२५ ला रेडिओ वाजला. सेटवर मीच होतो.

"पोस्ट फॉर लिंक. स्लाइड आली. तीन ओके. एक मिसिंग. ओव्हर."

"मिसिंग कोण? ओव्हर."

मी लॉगबुक पुढे ओढलं.

"नाईक. ओव्हर."

चौघांत नाईक एकच होता.

आम्ही चार जण दोर आणि फावडी घेऊन उतरलो. ०८१५ ला पोहोचलो. उतारावर लांब काठ्या खुपसत ओळीने पुढे सरकलो. ११०५ ला माझ्या काठीला मऊ लागलं. फावडं टाकून हातांनी उकरलं. तो कुशीवर होता. मेडिकलवाल्या जवानाने वीस मिनिटं प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी म्हटलं, "अजून कर." त्याने अजून दहा मिनिटं केलं. चांगला पोरगा.

११४० ला मी रिपोर्ट दिला. आवाज बरोबर लागला. नोकरीत तेवढं शिकलो होतो.

वडील त्यानंतर दोन वर्षं जगले. म्हणजे मी ती सुट्टी मनापासून सोडली असती तर माझं काहीसुद्धा बिघडत नव्हतं.

पेन्शनवर आल्यावर मी उरणला जनूच्या घरी गेलो. आधीही गेलो होतो, युनिफॉर्ममध्ये, चहा घेऊन परत आलो होतो. या वेळी त्याच्या आईला सगळं सांगितलं. मिठागरं कधीच गेली, भाऊ न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, जनूची मुलगी शाळेत गेली होती. म्हातारी कोलीम निवडत बसली होती, ते बारीक जवळ्यासारखं. मी म्हणालो, "आई, त्या दिवशी मी त्याचं नाव गाळलं. रागाने गाळलं."

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मी पन रोज घेतंय त्याचा नाव. सकाली, तुलशीपाशी. त्या दिशी पन घेतलेला." मग माझ्याकडे पाहिलं. "तुझा ऱ्हायला म्हणून तो गेला, तर माझा घेतलेला कुठं गेला रं पोरा?"

मला मोकळं करायलाच तिने असं म्हटलं असेल. पण मी मोकळा झालो नाही, कारण देवीने ऐकलं की नाही हा माझा प्रश्नच नव्हता. जनूने ऐकलं होतं. मी त्याला गाळलंय हे कळून तो माणूस उतारावर गेला, हे मला रोज खातं.

आता मी गावी असतो. ०५०० ला अंगणात उभा राहतो. बायको, मुलं, सून, काकांची माणसं, पोस्टवरचे सात जण, एकेकाचं नाव घेतो आणि राखण मागतो. सगळ्यांच्या आधी नाईक जनार्दन घरत. त्याच्यासाठी राखण मागायची वेळ मी घालवली. म्हणून त्याचं नाव घेतल्यावर तिथेच उभा राहतो. पुढे काय मागायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.