पाचवा अंक न वाचलेल्यांची बाजू

गोदावरी बंडगर बाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, असे आमचे जुने सहकारी अजून सांगतात. ते खरे नाही. भांडायला दोघे लागतात, आणि त्या दिवशी बोलल्या फक्त बाई.

त्या सांगोल्याकडून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. मी मराठीचा जुना मास्तर. कविता शिकवायची म्हणजे चालीवर म्हणायची, डोळे मिटायचे, घंटा झाली तरी भानावर यायचे नाही, अशी माझी रीत. बारावीला त्या वर्षांत एक जुने, भाषांतरित शोकांत नाटक होते. नदीच्या दोन काठांवर दोन वैरी गावे. अलीकडची मुलगी, पलीकडचा मुलगा. तो लढाईत मेल्याची बातमी येते आणि ती तापाने अंथरूण धरते. वैद्य बजावतो, हिला कसलाही धक्का नको, आनंदाचासुद्धा. मग निरोप येतो की तो जिवंत आहे, परवा होडीने येतो आहे. निरोप पडतो म्हाताऱ्या दाईच्या हाती. 'ताप उतरू दे, उद्या सांगेन,' असे म्हणून ती तो पदराखाली ठेवते, आणि त्याच रात्री मुलगी उठून नदीत चालत जाते. पाचव्या अंकात दिवे लावलेली, गाणी म्हणत येणारी ती होडी. होडीतला तो हसत असतो आणि आपल्याला सगळे ठाऊक असते. तिथे मला दर वर्षी रडू यायचे. मला वाटायचे, यालाच शिकवणे म्हणतात.

नव्या शिक्षकाने जुन्याचा तास मागच्या बाकावर बसून पाहायचा, असा रिवाज होता. तास संपल्यावर बाई व्हरांड्यात मला गाठून म्हणाल्या, "सर, तुम्ही लई छान रडलात. पण सगळी पोरं तुमच्याकडं बघत होती. होडीकडं कुणीच बघितलं न्हाई."

 मी घरी जाऊन पत्नीला हे सांगितले, तर ती म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी बोललं."

पुढच्या वर्षी ते नाटक बाईंकडे गेले. त्यांची शिकवण्याची पद्धत सोलापुरात पुष्कळांनी पाहिली आहे, तरी या गौरवग्रंथात तिची नोंद राहावी म्हणून लिहितो. त्या फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारत. एका बाजूला 'आपल्याला काय ठाऊक', दुसऱ्या बाजूला 'त्याला काय ठाऊक'. प्रत्येक प्रवेशाआधी मुलांनी दोन्ही बाजू भरायच्या. दोहोंमधले अंतर वाढत जाते तसतसा नाटकातला उपरोध तीव्र होतो, हे व्याख्या न सांगता मुलांना कळे. मग साक्ष. एकेका मुलाने एकेक पात्र व्हायचे, बाकीच्यांनी त्याची उलटतपासणी घ्यायची. नियम एकच: पात्राला त्या घडीला जेवढे ठाऊक, तेवढेच बोलायचे. जास्त बोलला की खाली बस.

ही रीत कुठल्या पुस्तकातून घेतलीत, असे मी एकदा विचारले. बाई मेंढपाळांच्या घरातल्या. म्हणाल्या, "पुस्तकातनं कुठली? मेंढरू चुकलं तर आमचे आबा मेंढराला मारत नव्हते. ते उभं होतं तिथं जाऊन गुडघ्यावर बसायचे. तिथनं त्याला काय दिसत होतं, ते आधी बघायचे. पाऊलवाट आपल्याला दिसती, सर. त्याला नुसतं गवत दिसतं."

इतकी स्वच्छ नजर असूनही एका पात्राच्या बाबतीत बाईंची चूक झाली, आणि त्या चुकीत माझा हात होता. दाईच्या स्वभावचित्रणावर टिपण काढताना त्यांना शेवटचे वाक्य सुचेना. मी शिक्षकखोलीत खिडकीशी बसून कसल्याशा ओळी गुणगुणत होतो. मान न वळवताच म्हणालो, "लिहा: मौन हाच दाईचा अपराध." वाक्याला ठेका होता. बाईंनी ते उतरवून घेतले, आणि पुढे वर्षानुवर्षे मुलांनी ते पाठ केले. परीक्षेत त्याला गुण मिळत. मला त्याचा अभिमान वाटे. कविता करायचे माझे राहूनच गेले, पण निदान एक ओळ तरी पोरांच्या तोंडी आहे, असे मी मनाशी म्हणत असे.

बाईंच्या मायेचे अनुभव इतरांनी लिहिले असतीलच. माझा एवढाच सांगतो. माझी पत्नी दवाखान्यात होती ते दोन महिने बाईंनी माझे सगळे तास घेतले. मी परतल्यावर आभार मानू लागलो तर म्हणाल्या, "आभार कसले? तुमच्या कवितांची मी पार माती केलीय. मला चाल लागत न्हाई. आता पोरांना पुन्हा म्हणून दाखवा." मी पुन्हा म्हणून दाखवल्या. त्या दिवसांत मला दुसऱ्या कशानेही उभे केले नसते.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

निवृत्तीनंतर बाई शनिवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर महाविद्यालयातल्या मुलांना फुकट शिकवू लागल्या. मीही जाऊन कोपऱ्यात बसत असे. काही वर्षांपूर्वी तेच नाटक पदवीच्या अभ्यासक्रमात परत आले. फळ्यावर रेघ, दोन बाजू, साक्ष, सगळे तसेच. दाई झाली होती शबाना, बेगम पेठेतली एक बोलकी मुलगी. समोरची पोरे वकिलाच्या थाटात तिच्यावर तुटून पडली.

"ए दाई, खरं बोल! निरोप आला होता का नव्हता?"

"आला होता."

"मग सांगितला का नाहीस?"

"ताप होता. उद्या सांगणार होते."

"उद्या? अगं, रात्री पोरगी बुडून मेली की! तुझ्या उद्यानं मारलं तिला."

शबाना जागेवरून ताडकन उठली. चिडली की ती घरच्या बोलीवर यायची. "अरे, तुम पांचवा अंक पढे! मैं कां पढी?" मग बाईंकडे वळून मराठीत म्हणाली, "बाई, नियम तुमचाच ना? मला तिसऱ्या अंकात जेवढं ठाऊक तेवढंच. आजची रात्र शेवटची आहे, हे मला कुणी सांगितलं? हे सगळे पाचवा अंक वाचून आलेत आणि मला तिसऱ्यात उभं करून मारतायत."

पोरे हसली. बाई हसल्या नाहीत. त्या फळ्याकडे बघत राहिल्या, मग खुर्चीत बसल्या. "बस शबाना," म्हणाल्या. "तुझं बरोबर हाय. इतकी वर्षं माझंच चुकलं."

खाली उतरताना जिन्यात त्यांनी मला थांबवले. "सर, किती पोरांना मी हे चुकीचं शिकवलं असेल?"

मी म्हणालो, "बाई, परीक्षा झाल्या, मुले पास होऊन गेली. आता त्याचे काय?"

"पास झाली म्हणूनच तर. नापास झाली असती तर विसरली तरी असती."

जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. रोज सकाळी फुले, देवांची चित्रे आणि वाढदिवसाचे केक. त्यात बाईंनी स्वतःच्या आवाजात संदेश टाकला: "मी बंडगर बाई. तिसरा अंक, दाईची व्यक्तिरेखा. मौन हाच दाईचा अपराध, असं मी शिकवलं होतं. ते चुकीचं हाय. तिला शेवट ठाऊक नव्हता. शेवट आपल्याला ठाऊक होता, आणि तो ठाऊक असल्याची शिक्षा आपण तिला दिली. दुरुस्ती करून घ्यावी."

नमस्काराचे हात येऊ लागले. एकाने विचारले, "बाई, मग मार्क वाढवून मिळतील का?" दुसऱ्याने लिहिले, "याचे मार्क कमी करा, बाई. ह्यानं माझं बघून लिहिलं होतं." आणि त्या सगळ्या हसण्याखिदळण्यात एक ओळ आली: व्यंकटेश ग्रुपमधून बाहेर पडले.

"हा का गेला?" बाईंनी विचारले. फोन केला, त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या दारात उभ्या. "चला सर, कुर्डुवाडीला. तिथं रेल्वेच्या कारखान्यात हाय तो."

कारखान्याच्या दारासमोर चहाची टपरी आहे. जेवणाच्या सुट्टीत व्यंकटेश बाहेर आला. चाळिशीचा गृहस्थ, हाताला तेल. बाईंना बघून गडबडला, वाकून नमस्कार केला, आणि मग त्याच्याने राहवले नाही.

त्याची हकीकत अशी. आईवडील भिवंडीला मागावर होते. सोलापुरात त्याला वाढवले आत्याने, विड्या वळून. बारावीची परीक्षा चालू असताना तिकडे आई गेली. आत्याला निरोप आला. चार पेपर उरले होते. शेवटचा पेपर देऊन तो घरी आला, तेव्हा तिने सांगितले. तोवर तिकडचे सगळे विधी आटोपले होते.

"मी तिला काय म्हणालो ठाऊक आहे, बाई? मौन हाच तुझा अपराध. पेपरात तेच लिहून आलो होतो, तोंडात तेच होतं. आणि घर सोडलं. लग्नाला बोलावलं नाही. पोरं झाली, दाखवली नाहीत. आता तुम्ही म्हणता, दुरुस्ती करून घ्या. वहीत करता येते, बाई. हितं कुठं करू?"

बाईंच्या हातातला चहा तसाच होता. त्या एवढेच म्हणाल्या, "वाक्य माझं होतं, व्यंकटेश. तुझ्या तोंडात मी घातलं."

मी शेजारी उभा होतो. वाक्य कुणाचे ते मला ठाऊक होते, बाईंना ठाऊक होते. त्याला नव्हते. मी गप्प राहिलो. माझे वय, माझी लाज, समोरच्या माणसाचे डोळे, काय म्हणावे ते म्हणा. आज या ग्रंथात लिहितो आहे: व्यंकटेश, ते वाक्य माझे होते. बाईंनी ते स्वतःवर घेतले, आणि त्यानंतर एकदाही, थट्टेतसुद्धा, मला त्याची आठवण दिली नाही.

"तिची साक्ष झालीच न्हाई," बाई त्याला म्हणाल्या. "ती झाल्याबिगर तू निकाल दिलास. ह्या रविवारी ये. मी संगं येते. निकाल तोच ठेवायचा असला तर ठेव, मी काय बोलणार न्हाई."

तो येईल असे मला वाटले नव्हते. आला.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात, दोन्हीकडे मागांची खटखट, दाराशी आत्या बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू. नजर मंदावली होती, बोटे मात्र आपोआप चालत होती. "अत्तम्मा," तो म्हणाला. बोटे थांबली. त्यांनी वर पाहिले नाही. सूप जरा सरकवले आणि म्हणाल्या, "कूर्चो." म्हणजे बस.

बाई खाली जमिनीवरच बसल्या, त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून. "अक्का, मी ह्याची शिक्षिका. त्या दिवसांत काय झालं, ते सांगता का? तुमच्या बाजूनं कुणी विचारलंच न्हाई."

आत्यांची मराठी मोडकी, त्यात तेलुगू मिसळलेली. "काय सांगू, बाई. निरोप आला. हा अभ्यास करत होता. मी म्हणलं, उद्या सांगते. उद्या पेपर. परत म्हणलं, उद्या. रोज सकाळी हातावर दही देताना वाटायचं, आता बोलते. हा चप्पल घालायचा, जायचा. वहिनी म्हणायची, माझा पोरगा मागावर नको बसायला, अक्का. तेच डोक्यात होतं. मला काय ठाऊक, हा मलाच सोडून जाईल म्हणून?"

व्यंकटेश खाली बघत होता. मान वर न करताच त्याने विचारले, "रडली पण नाहीस तेव्हा. एकदा पण नाही."

"तू बघत होतास की," आत्या म्हणाल्या.

 शेजारचे माग खटखटत होते. आत्यांनी एक पान घेतले, कातरले, परत ठेवले. आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "तो शेवटचा पेपर कसा गेला होता रे? त्या दिवशी विचारायचं राहिलं."

 तो म्हणाला, "सोपा होता, अत्तम्मा. बरा गेला." आणि त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवले. सूप कलंडले. तंबाखू सांडली म्हणून आत्या त्याला रागावू लागल्या, तेव्हा बाईंनी मला डोळ्यांनी खुणावले आणि आम्ही दोघे उठलो.

परतताना रिक्षात मी म्हणालो, "बाई, कुर्डुवाडीला मी बोलायला हवे होते."

"तुम्ही बोलला असता, तर तो दोघांवर चिडला असता. एकीवर चिडणं सोपं असतं, सर." मग म्हणाल्या, "पण कधीतरी सांगा त्याला. मी सांगणार न्हाई."

गेल्या दिवाळीत व्यंकटेशची मुले आत्यांकडे होती. धाकटीला विड्या वळायच्या होत्या आणि आत्या तिला सुपाला हात लावू देत नव्हत्या, असे त्याने फोनवर सांगितले.

बाई, तुमची पंच्याहत्तरी झाली. तुमच्या गौरवात मी तुमच्या चुकीबद्दलच इतके लिहिले, याचा तुम्हाला राग येणार नाही हे ठाऊक आहे. बिनचूक शिक्षक मी बरेच पाहिले. शिकवलेले परत घेण्यासाठी विद्यार्थ्याच्या दारापर्यंत चालत जाणारे फक्त तुम्हीच. तुमचे गुडघे असेच जमिनीवर बसण्याजोगे राहोत, नजर आणि वाणी अशीच राहो. आम्ही शिकवलेल्यात अजून पुष्कळ चुका सापडायच्या आहेत, काही तुमच्या आणि बऱ्याचशा माझ्या. त्या सगळ्या सापडून, एकेकीची दुरुस्ती करून होईपर्यंत तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. मोजदाद मी केली आहे, बाई. शंभरी सहज ओलांडावी लागेल.